साक्ष कुणाची ग्राह्य?

आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी वंदनेनंतर तासभर अभ्यासवर्ग चालतो. गेल्या पावसाळ्यात एका तरुणाने तेथे ध्रुवप्रदेशातील प्रदूषणाचा विषय मांडला. चांगला मांडला. तो खाली बसतो न बसतो तोच मागच्या रांगेतून प्रश्न आला, "सर, आपल्याकडे नळाला दिवसाआड पाणी येते. तिथले बर्फ, अस्वले आणि देवमासे यांचे आपल्याला काय?" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. चळवळीच्या माणसाने कशाचा अभ्यास करावा आणि कशाचा करू नये, हे दुसऱ्या कुणी ठरवलेले असते आणि आपण ते मुकाट्याने मान्य केलेले असते. त्या दिवशी उत्तर नीट देता आले नाही. ते आज देतो आहोत, आणि आम्हाला जी भाषा येते त्या भाषेत, म्हणजे कोर्टाच्या भाषेत देतो आहोत.

कोर्टात सगळ्यात आधी प्रश्न येतो तो साक्षीचा. सांगतोय कोण? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात याचे नियम घालून दिलेले आहेत. स्त्रियांची साक्ष स्त्रियांनी द्यावी, द्विजांची द्विजांनी, शूद्रांची शूद्रांनी आणि अंत्यजांची अंत्यजांनी. अर्थ सरळ आहे. वरच्याने केलेला गुन्हा खालच्याने उघड्या डोळ्यांनी पाहिला तरी त्याच्या पाहण्याला किंमत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली या ग्रंथाचे दहन झाले. मात्र १ डिसेंबर १९९७ रोजी बिहारमधील लक्ष्मणपूर बाथे येथे ५८ दलितांची कत्तल झाली, २०१० साली खालच्या कोर्टाने २६ जणांना शिक्षा ठोठावली आणि ९ ऑक्टोबर २०१३ रोजी पाटणा हायकोर्टाने त्या सर्वांना सोडून दिले, ते साक्षीदारांवर विश्वास ठेवता येत नाही म्हणून. अॅट्रॉसिटीचे खटले चालवणाऱ्या कोणत्याही वकिलाला विचारा. वस्तीतला साक्षीदार हा आधी 'हितसंबंधी' असतो, मग माणूस.

आता उत्तर ध्रुवाकडे चला.

१८४५ साली इंग्लंडहून सर जॉन फ्रँकलिन 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजे घेऊन कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फातून वाट शोधायला निघाले. बरोबर १२९ माणसे होती. त्यांतला एकही परत आला नाही. साम्राज्याने शोधपथकांमागून शोधपथके पाठवली, पण थांगपत्ता लागेना. १८५४ साली हडसन बे कंपनीच्या नोकरीतले डॉक्टर जॉन रे यांना त्या भागात काही इनुइट माणसे भेटली. इनुइट म्हणजे ज्यांना आपल्या शाळेच्या पुस्तकात 'एस्किमो' म्हणून शिकवले गेले ते लोक. त्यांनी सांगितले की काही वर्षांपूर्वी चाळीसेक गोरे लोक होडी ओढत दक्षिणेकडे चालले होते, ते उपासमारीने मेले, आणि शेवटी शेवटी त्यांनी आपल्याच मेलेल्या सोबत्यांचे मांस खाल्ले.

कायद्याच्या काटेकोर दृष्टीने ही ऐकीव साक्ष होती, हे आम्ही मान्य करतो. सांगणाऱ्यांनी स्वतः प्रेते पाहिली नव्हती, पाहणाऱ्यांकडून ऐकले होते. पण रे हा माणूस चांगला तपासी अधिकारी झाला असता. त्याने निरनिराळ्या लोकांना निरनिराळ्या वेळी तेच प्रश्न विचारले. शिवाय त्याने मुद्देमाल जप्त केला, म्हणजे विकत घेतला. चांदीचे चमचे, काटे आणि खुद्द फ्रँकलिनचे सन्मानचिन्ह. एवढे असूनही लंडनमध्ये गहजब झाला. आणि या साक्षीवर तुटून पडणाऱ्यांत सर्वांत पुढे कोण होते? चार्ल्स डिकन्स. गरिबांच्या पोरांचे हाल लिहून साऱ्या इंग्लंडला रडवणारा लेखक. आपल्या साप्ताहिकात त्याने लिहिले, त्याचा मथितार्थ असा की रानटी माणसाच्या शब्दावर इंग्रज नाविकाची अब्रू घालवता येणार नाही, उलट या रानट्यांनीच त्यांना मारले नसेल कशावरून? म्हणजे फिर्यादीलाच आरोपी करून टाकले. आपल्याकडच्या पुरोगामी म्हणवणाऱ्या थोर थोर लेखकांची आठवण येथे कुणाला झाली तर तो आमचा दोष नाही.

पुढे काय झाले? त्या मोहिमेतील माणसांच्या हाडांवर सुरीने मांस कापल्याच्या खुणा असल्याचा शास्त्रीय अहवाल १९९७ साली प्रसिद्ध झाला. २०२४ साली डीएनए तपासणीने अशा खुणा असलेला एक जबडा कुणाचा तेही सिद्ध झाले. तो 'एरेबस'चा कप्तान जेम्स फिट्झजेम्स याचा होता. म्हणजे उपासमारीपुढे हुद्दाही आडवा आला नव्हता. एक जहाज दक्षिणेला अमुक भागात बुडाले, हे इनुइट लोकांनी एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवले होते. सप्टेंबर २०१४ मध्ये 'एरेबस' त्याच भागात सापडले, जेमतेम अकरा मीटर पाण्यात. दोन वर्षांनी 'टेरर' सापडले तेही ग्योआ हेवन गावच्या एका इनुइट रेंजरने सांगितल्यावरून. १६० वर्षे साक्ष कोर्टात पडून होती, कुणी वाचली नाही एवढेच. रे यांच्या नावाची फरशी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेत बसली ती २०१४ मध्येच. ज्यांनी त्यांना सांगितले त्यांची फरशी आम्हाला तरी ठाऊक नाही.

साक्ष नाकारणे ही पहिली पायरी. दुसरी पायरी म्हणजे माणसाला साक्षीदाराऐवजी मुद्देमाल करणे. १८९७ साली रॉबर्ट पिअरी याने ग्रीनलँडहून सहा इनुइट माणसे अभ्यासासाठी न्यूयॉर्कला नेली आणि तिथल्या मोठ्या निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या तळघरात ठेवली. काही महिन्यांत चौघे छातीच्या रोगाने मेले. त्यांत मिनिक नावाच्या सहा-सात वर्षांच्या पोराचा बाप किसुक होता. पोराच्या समाधानासाठी संग्रहालयाच्या आवारात दफनविधी केला गेला, पण कातड्यात गुंडाळले होते ते लाकूड. बापाचा सांगाडा संग्रहालयातच राहिला. पुढे मोठेपणी मिनिकला हे कळले. त्याने तो मागितला, मिळाला नाही. १९१८ च्या फ्लूच्या साथीत तो अमेरिकेतच मेला. किसुक आणि इतर तिघांची हाडे ग्रीनलँडला परत गेली आणि मातीत पुरली गेली ती १९९३ साली.

कवट्या आणि हाडे मोजून कोण उच्च, कोण नीच, कोण बुद्धिमान, कोण मठ्ठ हे ठरवण्याचे वेड त्या काळात साऱ्या जगाला लागले होते. आपल्याकडे हर्बर्ट रिस्ले नाके मोजत होता आणि नाकाच्या रुंदीवरून जातींची उतरंड लावत होता. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकांच्या मोजमापांचेच आकडे हातात घेतले आणि दाखवून दिले की हे शास्त्र खरे मानायचे तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. विरुद्ध पक्षाचा साक्षीदार आपल्या बाजूने बोलता कसा करावा, हे आम्ही कायद्याच्या पुस्तकात नव्हे, तेथे शिकलो.

आता त्या तरुणाचा विषय, बर्फ. ग्रीनलँडवर दर हिवाळ्यात पडणारे बर्फ आदल्या वर्षीच्या थरावर साचते आणि दाबले जाते. खोल नळीने ते काढले की थरावर थर मिळतात, झाडाच्या खोडातील वर्तुळांसारखे. हवेत त्या वर्षी जे होते ते त्या थरात अडकलेले असते. १९९४ साली शास्त्रज्ञांनी दाखवले की दोन हजार वर्षांपूर्वीच्या थरांत शिसे आहे. हे शिसे ग्रीक आणि रोमन काळातील खाणींचे आणि भट्ट्यांचे. २०१८ च्या अधिक बारीक अभ्यासात तर रोमची युद्धे आणि साथीचे रोग यांबरोबर शिशाचे प्रमाण वर-खाली होताना दिसते. चांदीची नाणी पाडायची तर खनिज वितळवावे लागे, त्यातून शिशाचा धूर निघे. स्पेनमधल्या त्या खाणींत गुलाम राबत. सम्राटांचे पुतळे आहेत, विजयाचे शिलालेख आहेत, सिनेटमधली भाषणे आहेत. खाणीतल्या गुलामाने काहीही लिहून ठेवले नाही, त्याला कुणी लिहू दिले नाही. त्याच्या श्रमाचा धूर मात्र हजारो किलोमीटरवर बर्फात नोंदला गेला. हा इतिहास सांगण्यासाठी कुणा राजपुरोहिताच्या बखरीची गरज पडली नाही.

हेच बर्फ १९६० च्या दशकात क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने वाचले. पेट्रोलमध्ये शिसे मिसळायला लागल्यापासून ध्रुवावरच्या बर्फातले शिसे कसे चढत गेले ते त्याने दाखवले. पेट्रोल कंपन्यांचे तज्ज्ञ सांगत होते की एवढे शिसे नैसर्गिकच असते. १९७१ साली हवेतील शिशावर अमेरिकेत राष्ट्रीय समिती बसली, तेव्हा या विषयातल्या या सर्वात जाणत्या माणसाला तिच्यात घेतले नाही. गोरा असून त्याची ही गत, मग इतरांचे काय विचारता? अखेर तोच खरा ठरला. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जिरियात, ते २०२१ साली थांबले. रहदारीच्या कडेला झोपडी असणाऱ्यांच्या पोरांनी दरम्यान किती शिसे छातीत घेतले असेल याचा बर्फाचा थर आपल्याकडे नाही.

सगळ्यात जास्त अंगावर येते ती मात्र दुधाची गोष्ट. १९८० च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात आईच्या दुधातील विषारी रसायनांचा अभ्यास चालू होता. कारखान्यांच्या मुलखातील बायकांच्या दुधाशी तुलना करायला स्वच्छ दूध हवे, म्हणून शास्त्रज्ञांनी अगदी उत्तरेकडील इनुइट आयांचे नमुने मागवले. तिकडे ना कारखाना, ना शेती, ना रस्ते. तपासणीत निघाले ते उलटेच. इनुइट आयांच्या दुधात पीसीबी नावाचे रसायन दक्षिणेकडील बायकांच्या सुमारे पाचपट होते. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वगैरे वापरले जाणारे हे रसायन त्यांच्यापैकी कुणी कधी पाहिलेही नव्हते.

ते तिथे पोहोचले कसे? पीसीबी, डीडीटी यांसारखी रसायने उष्ण प्रदेशात वाफ होऊन उडतात, वाऱ्याबरोबर जातात, थंडीत खाली बसतात, पुन्हा उडतात, असे टप्पे घेत ध्रुवापर्यंत जातात. तिथल्या थंडीत ती लवकर मोडत नाहीत. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांकडून बारक्या माशात, त्यातून मोठ्या माशात, तेथून सील आणि देवमाशाच्या चरबीत साठत जातात आणि प्रत्येक पायरीवर दाट होतात. या उतरंडीच्या टोकाला सीलची चरबी खाणारी आई असते आणि तिच्याही पुढे तिचे दूध पिणारे बाळ. दक्षिण ध्रुवाकडील पेंग्विनच्या शरीरात डीडीटी सापडल्याचे तर १९६६ सालीच जाहीर झाले होते. त्या बर्फावर डास मारायला कोण गेले होते?

इनुइट लोक नुसते रडत बसले नाहीत. संघटित झाले. शीला वॅट-क्लूटिए यांच्यासारख्या त्यांच्या नेत्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत ठाण मांडून बसल्या. आई आणि मुलाची इनुइट कारागिराने घडवलेली एक मूर्ती त्यांनी तिथे भेट दिली. २००१ साली स्टॉकहोम करार झाला, २००४ साली तो अमलात आला. पहिल्या यादीत बारा रसायने होती, आणि ध्रुवप्रदेशातील मूलनिवासींना असलेला विशेष धोका कराराच्या प्रस्तावनेतच मान्य केला गेला. लाख-दीड लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या समाजाने जगाच्या कायद्यात आपली साक्ष लिहून घेतली. मोठ्या संख्येचा अभिमान बाळगून पाच गटांत विभागलेल्या आपल्या चळवळीने यावर थोडा विचार करावा.

भारताने या करारावर २००६ साली शिक्कामोर्तब केले, मात्र हिवतापाच्या डासांसाठी डीडीटीची सवलत ठेवून. आपल्या रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे सरकारी कंपनीच्या कारखान्यात डीडीटी तयार होत असे. हिवतापाने मरणारा माणूसही गरीबच असतो, त्यामुळे या सवलतीला आम्ही सरसकट वाईट म्हणणार नाही. एंडोसल्फानचे मात्र तसे नव्हते. केरळच्या कासारगोडमध्ये काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरमधून त्याची फवारणी वर्षानुवर्षे झाली. मुले व्यंग घेऊन जन्मली. आया सांगत होत्या, समित्यांवर समित्या पुरावा मागत होत्या, आणि आंतरराष्ट्रीय मंचावर भारत सरकार बंदीला विरोध करत होते. मे २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. जानेवारी २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख देण्याचा आदेश झाला. हेच एंडोसल्फान ध्रुवाकडच्या हवेतही सापडलेले आहे. वस्तीतले विष आणि ध्रुवावरचे विष वेगवेगळे नाही, हे त्या मागच्या रांगेतील मित्राला आम्ही तेव्हाच सांगायला हवे होते.

आता देवमासे. १९७७ साली आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने अलास्काच्या मूलनिवासींना बोहेड जातीच्या देवमाशांची शिकार बंद करायला सांगितले. शास्त्रज्ञांच्या अंदाजाने हजार-दोन हजारच देवमासे उरले होते. शिकारी म्हणाले, मोजणी चूक आहे. तुम्ही मोकळ्या पाण्यातून जाणारे मोजता. हे मासे बर्फाखालून जातात, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात आणि पुढे निघतात. शास्त्रज्ञांना ही कहाणी वाटली. पण काहींनी ती तपासायचे ठरवले, हे त्यांच्या मोठेपणाचे. पाण्याखाली मायक्रोफोन सोडले, विमानातून पाहणी केली. शिकारी खरे निघाले. २००१ च्या मोजणीत ही संख्या दहा हजारांच्या वर गेली. हे शिकारी असेही म्हणत की या प्राण्याला वास येतो, किनाऱ्यावर धूर करू नका. देवमाशांना वास येत नाही असे विज्ञान मानत होते. २०१० च्या सुमारास त्यांच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा वास घेणारा भाग चांगला विकसित आढळला. या जातीच्या एका प्राण्याचे वय दोनशेच्या वर असल्याचा शास्त्रीय अंदाज आहे. म्हणजे भीमा कोरेगावची लढाई झाली तेव्हा तो ऐन तारुण्यात होता!

जनावर म्हणजे निव्वळ यंत्र, असे युरोपात देकार्तने सतराव्या शतकात मांडले आणि ते सोयीचे असल्याने टिकले. १९६० साली जेन गुडॉल यांनी चिंपांझीला काडी साफ करून वाळवी काढताना पाहिले, तेव्हा 'हत्यार बनवतो तो माणूस' ही व्याख्याच कोसळली. आपल्या परंपरेत सम्राट अशोकाने माणसांबरोबर जनावरांच्याही औषधोपचारांची व्यवस्था केल्याचे शिलालेखात कोरून ठेवले. जातककथांतील माकडे, हत्ती, हरणे विचार करतात. त्यातील पुनर्जन्माची गोष्ट आम्ही बाजूला ठेवतो, पण ज्यांनी त्या रचल्या त्यांनी जनावर बारकाईने पाहिले होते.

येथे आमचा वाचक सावध होईल आणि त्याने झालेच पाहिजे. २००२ साली हरियाणात झज्जरजवळ दुलिना येथे मेलेल्या गाईवरून पाच दलितांना ठेचून मारले. २०१६ साली उना येथे मेलेले जनावर सोलणाऱ्या तरुणांना बांधून फटकावले. जनावराच्या प्रेमाचा हा प्रकार आम्हाला ठाऊक आहे. इनुइटांनाही तो ठाऊक आहे. १९८३ साली युरोपने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर आयातबंदी घातली. कागदावर इनुइटांना सूट होती, पण बाजारच कोसळला आणि ज्यांनी शेकडो वर्षे सीलवर गुजराण केली त्यांच्या घरात दारिद्र्य आले. पोट भरलेल्या शहरी माणसाने टीव्हीवर पिल्लाचे डोळे पाहिले, सील सोलणाऱ्या बाईचे हात पाहिले नाहीत. त्याच समुद्रात विष सोडणाऱ्या कंपन्यांविरुद्ध मात्र एवढा गलका नव्हता. प्राण्याला बुद्धी आहे हे मान्य करणे आणि प्राण्याच्या नावाने माणसाला चिरडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीला लागतो अभ्यास. दुसरीला नुसता जमाव पुरतो.

ओर्का नावाचा दात असलेला देवमासा आहे. त्याच्या प्रत्येक टोळीची बोली वेगळी असते. पिल्ले होण्याचे वय उलटलेल्या म्हाताऱ्या माद्या टोळीच्या पुढे राहतात, आणि माशांचा दुष्काळ असेल त्या वर्षी तर हमखास, कारण मासे कुठे मिळतील हे त्यांच्या लक्षात असते. हे संशोधन २०१५ चे. २०१६ च्या जानेवारीत स्कॉटलंडच्या टायरी बेटावर एक मादी मरून पडली. तिच्या चरबीत पीसीबीचे प्रमाण धोक्याच्या मर्यादेच्या शंभरपट होते. तिला बहुधा एकही पिल्लू झालेले नव्हते. ज्या माद्यांना पिल्ले होतात त्यांच्या अंगातले विष दुधातून उतरते आणि पहिल्या पिल्लाला सर्वांत जास्त मिळते. जगातल्या निम्म्याहून अधिक ओर्का-समूहांना या रसायनाने धोका आहे, असा २०१८ चा निष्कर्ष आहे. बहुतेक देशांनी पीसीबीचे उत्पादन थांबवून तेव्हा तीस-चाळीस वर्षे होऊन गेली होती.

त्या रविवारी वर्ग संपता संपता कोपऱ्यात बसलेल्या एक आजी उठल्या. सत्तरी उलटलेल्या, शाळेत कधी न गेलेल्या. त्यांचे माहेर एका औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. त्या म्हणाल्या, "आमच्या म्हशी वड्याचं पाणी प्यायच्या बंद झाल्या व्हत्या. काठावर जायच्या, हुंगायच्या, माघारी फिरायच्या. तवा पाणी दिसायला चांगलं व्हतं. मी पाटलाला सांगितलं, तर म्हणं, म्हातारे, म्हशीला काय कळतंय? नि तुला काय कळतंय?" दोन वर्षांनी मासे पालथे पडले. त्यानंतर तीन वर्षांनी सरकारी तपासणी झाली.

आम्ही वर्गाची वही मागवली. आजींना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले. म्हशी किती होत्या, कोणत्या महिन्यात, ओढ्याच्या कोणत्या वळणावर, आणखी कुणी पाहिले. ज्याने प्रश्न विचारला होता त्या मागच्या रांगेतल्या पोरानेच ते लिहून घेतले, अडीच पाने झाली. मग आजींना वाचून दाखवले. दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्ती सांगितली, ती केली. खाली तारीख घातली, त्यांचा अंगठा घेतला आणि साक्षीदार म्हणून दोघांनी सह्या केल्या.